33 सेंटिमीटरचा फोम रोलर: भरतीच्या पोरांना आणि खो-खोवाल्यांना किती उपयोगी?

छत्रपती संभाजीनगरला ‘साई’चं (भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं) केंद्र आहे, तिथल्या खेळाडूला फिजिओ गाठता येतो. गेवराई, जिंतूर, तुळजापूरच्या मैदानावर पहाटे 1600 मीटरचा सराव करणाऱ्या पोलीस भरतीच्या पोरांना स्पोर्ट्स मसाज कोण देणार? तालमीत निदान जोडीदार अंग रगडून देतो. बाकीच्यांना स्वतःचं मालीश स्वतःच करावं लागतं, आणि त्यासाठी सध्या सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे फोम रोलर, म्हणजे अंगाखाली घेऊन पुढे-मागे लोळायचा फोमचा दंडगोल.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पांढरा, थर्माकोलसारखा दिसणारा हलका रोलर स्वस्त असतो, पण रोजच्या वापरात मधोमध दबतो आणि मग दाब सगळीकडे सारखा बसत नाही. काळा, आतून भरीव आणि कडक रोलर टिकतो खूप; नवख्याला मात्र तो सोसत नाही. दुखलं की माणूस अंग आखडून घेतो आणि मोकळा करायचा स्नायू उलट घट्ट होतो. तिसरा प्रकार म्हणजे आत कडक प्लास्टिकची पोकळ नळी, वर इव्हीए फोमचं (रबरासारख्या लवचीक फोमचं) आवरण, लांबी 33 आणि व्यास 14 सेंटिमीटरच्या आसपास. किटबॅगेत मावतो. बहुतेक खेळाडूंनी हाच घ्यावा.

घेताना अंगठ्याने जोरात दाबून बघा. खड्डा थोडाच पडला पाहिजे आणि लगेच भरून आला पाहिजे. दोन्ही टोकांना फोम नळीला घट्ट चिकटलाय का, तेही पाहा, कारण हलक्या मालाचं दुखणं तिथूनच सुरू होतं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवला की डिंक सुटतो, फोम नळीवर सरकायला लागतो आणि दाब देताना रोलर निसटतो. टोकदार गाठींचे रोलर टाळा. सपाट चौकोनी नक्षीचा पुरे. अंगाला तेल लावून त्यावर लोळू नका. फोम निसरडा होतो, त्यात मुरुमाची धूळ बसते. साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा.

धावणाऱ्यांना आणि खो-खोच्या खेळाडूंना सगळ्यात जास्त गरज पोटरीची. खाली बसा, रोलर पोटरीखाली घ्या, हात मागे टेकवून कंबर उचला. घोट्याच्या वरून गुडघ्याच्या चार बोटं खालपर्यंत सावकाश सरका, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून जलद नको. दुखरी जागा सापडली की तिथे 20 ते 30 सेकंद थांबा आणि पाऊल वर-खाली हलवत राहा. दाब कमी वाटला तर दुसरा पाय वर ठेवा. एका पायाला एक ते दोन मिनिटं पुरतात. श्वास रोखला जात असेल तर दाब जास्त आहे, हे नक्की समजा. गुडघ्याच्या मागच्या खोबणीत रोलर नेऊ नका, तिथे नसा आणि रक्तवाहिन्या उघड्या असतात. कमरेच्या मणक्यावरही नको; पाठ करायची तर खांद्याच्या फऱ्यांच्या पट्ट्यातच.

मांडीच्या बाहेरच्या कडेवर लोळताना जीव जातो, आणि त्याचा फायदा फारसा नाही. तिथे स्नायूवरून जाणारी जाड, चिवट पट्टी असते, ती रोलरने लांब होत नाही. त्याऐवजी मांडीचा पुढचा भाग आणि कुल्ला मोकळा करा. कुल्ल्यासाठी रोलरपेक्षा रबरी चेंडू बरा, कारण तो नेमक्या जागी बसतो. 33 सेंटिमीटरवर दोन्ही मांड्या एकदम नीट मावत नाहीत, त्यामुळे एकेक पाय करावा लागतो आणि वेळ वाढतो. ही या मापाची खरी उणीव.

सरावाआधी प्रत्येक स्नायूला फक्त 30 सेकंद, जरा चपळ हाताने, आणि त्यानंतर नेहमीचा वॉर्मअप. सरावानंतर सावकाश. जड सरावानंतर अंग 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त ठणकतं; तेव्हा रोलर दुखणं थोडं कमी करतो, हालचाल थोडी मोकळी करतो. ‘लॅक्टिक ॲसिड बाहेर काढतो’ असं वेष्टनावर लिहिलेलं असेल तर सोडून द्या. सराव थांबल्यानंतर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच निपटतं. हाताने केलेल्या मसाजचीही हीच मर्यादा आहे. 2020 साली 29 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा स्पोर्ट्स मसाजने लवचीकता किंचित वाढते आणि ठणका किंचित कमी होतो असं दिसलं; ताकद, उडी किंवा वेग वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणून दुखापत टाळायची असेल तर रोलरच्या जोडीला पोटरीचे उठाव (उभं राहून टाचा वर-खाली करणं) आणि मांडीच्या मागच्या स्नायूचा नॉर्डिक व्यायाम (गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना अंग सावकाश पुढे झुकवणं) हवाच, आणि पळण्याचं अंतर एकदम वाढवणं बंद हवं. मसाजचा मोठा फायदा वेगळाच आहे: रोज हात फिरला की कालपेक्षा आज कुठे घट्ट आहे ते आधीच कळतं.

काही वेळा रोलर बाजूलाच ठेवायचा. स्नायू नुकताच ताणला गेला असेल तर पहिले दोन-तीन दिवस अजिबात नाही. कबड्डीत मांडीवर गुडघा बसून सूज आली असेल तर तिथे रगडूच नका. आतलं रक्त साकळलेलं असताना चोळल्याने स्नायूत हाड धरू शकतं, आणि मग महिनोन् महिने पाय नीट वाकत नाही. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि दुखणं असेल, ताप असेल, त्वचेवर गळू किंवा जखम असेल, तर आधी डॉक्टर.

भरतीच्या पोरांनी नडगीचं दुखणं विशेष जपावं. पोटरीवर रोलर चालेल, नडगीच्या हाडावर कधीच नाही. हाडावर एका बोटाएवढ्या जागीच दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे साफ आला म्हणून लगेच पळायला लागू नका; अस्थिरोगतज्ज्ञांना दुखणारी जागा बोटाने दाखवा आणि एमआरआय लागेल का ते विचारा.