रक्ताचा थेंबही न काढता माझी ‘प्रतिकारशक्ती’ मोजली, आणि मी पैसे भरले

थायरॉइडमुळे सुजून बाहेर आलेल्या माझ्या डोळ्यांसाठी, डोक्यावर तारांची टोपी घालून प्रतिकारशक्ती ‘रीसेट’ करून देतो म्हणणाऱ्या एका केंद्रात मी घातलेले एकूण ६०,८४० रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण गेले चार महिने मी तो प्रत्येकाला कमी करून सांगत आले. पहिल्या ‘ब्रेन मॅपिंग’चे, म्हणजे टोपीनं काढलेल्या मेंदूच्या नकाशाचे, ४,५००, दर सेशनला ३,८०० प्रमाणे १२ सेशनचे ४५,६००, त्यांच्याच कपाटातल्या गोळ्यांचे ६,२४० आणि दुसऱ्या मॅपिंगचे पुन्हा ४,५००.

मी अडाणी नाही. थायरॉइडमुळे डोळे का बाहेर येतात ते निदान झाल्यापासून मला पाठ आहे. थायरॉइडवर उलटलेल्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीची प्रथिनं, डोळ्यामागच्या पेशींनाही गाठतात, तिथली चरबी आणि स्नायू सुजतात. खोबण हाडाची, ती काही पसरत नाही, मग डोळाच पुढे येतो. गोळ्यांनी माझं थायरॉइड जागेवर आलं तरी डोळे सुजतच होते. डॉक्टर म्हणाल्या, “सध्या आजाराचा जोर आहे. लक्ष ठेवू, गरज पडली तर स्टेरॉइड देऊ.” रोज आरशात तो चेहरा बघणाऱ्या माणसाला ‘लक्ष ठेवू’ पुरत नाही. अशाच वेळी ही माणसं भेटतात.

त्यांनी सगळंच खोटं सांगितलं असतं तर मी उठून आले असते. पण या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूचे फंक्शनल एमआरआय (कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारं स्कॅन) काढून झालेले अभ्यास खरे आहेत. दृष्टीशी संबंधित भागांचं काम निरोगी माणसांपेक्षा वेगळं दिसतं, हेही त्यांत आहे. मेंदू आणि प्रतिकारशक्ती यांचं नातंही खरं आहे. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मेंदूच्याच हुकमानं वाढतं आणि ते प्रतिकारशक्तीला आवरतं. मेंदूतून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हला विजेनं चेतवल्यावर उंदरांमधला दाह कमी झाल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं. हे सगळं त्यांनी छापून हातात दिलं. मी घरी आणून वाचलं, आणि वाचलं म्हणूनच फसले.

त्या कागदांत होतं ते गटांबद्दल. काही रुग्ण, काही निरोगी, दोन्हींच्या सरासरीतला फरक. एकाचे दोन दिसत असतील, डोळे दुखत असतील, झोप लागत नसेल, तर तेवढ्यानंही मेंदूचं काम वेगळं दिसू शकतं. आधी काय बिघडलं ते अशा चित्रावरून ठरत नाही. आणि डोक्यावर टोपी घालून अँटिबॉडी कमी होतात, असं तर एकाही कागदात नव्हतं. मला ते दिसलं नाही, कारण मला ते बघायचंच नव्हतं.

आता तो क्षण. टोपी घातली, जेल लावलं, तंत्रज्ञ मुलगी म्हणाली, “सर, डाव्या कानामागची तार लागत नाहीये.” केंद्रातला तो ‘सर’ म्हणाला, “राहू दे.” वीस मिनिटांत रंगीत नकाशा आला आणि त्या न लागलेल्या तारेच्या जागी लालभडक डाग. शेजारी छापलं होतं, ‘प्रतिकारशक्ती असंतुलन ७८ टक्के’. रक्त कुणी काढलं नव्हतं, जुने रिपोर्ट कुणी मागितले नव्हते. अँटिबॉडी रक्तातच मोजतात, हे मला ठाऊक होतं. तोंडापर्यंत प्रश्न आला होता. तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, एवढा ताण तुम्ही एकट्यानं कसा सोसलात?” मला रडू आलं आणि मी कार्ड पुढे केलं. तो प्रश्न मी विचारायला हवा होता. रोज रात्री मी तो विचारते.

चौथ्या सेशननंतर सकाळची सूज उतरली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी उशी उंच करून झोपायला लागले होते, आणि हा आजार तसाही चढतो-उतरतो. श्रेय मात्र टोपीला दिलं. ‘स्टेरॉइडनं सगळं रीसेट वाया जाईल’ म्हणाला, म्हणून डॉक्टरांची तारीख चुकवली. इतक्या ठामपणे सांगितल्यावर तुम्ही तरी काय केलं असतं?

दहाव्या सेशनच्या सुमारास उजव्या डोळ्याला लाल रंग विटका दिसू लागला. “मेंदू नव्यानं जुळतोय, चांगलं लक्षण आहे,” तो म्हणाला. ती डोळ्याची नस दाबली जात होती. मी नऊ दिवस घालवले. मग सलग ३ दिवस रोज १ ग्रॅम मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून घ्यावं लागलं. नजर आली, पण त्या डोळ्याला लाल अजून पुरता लाल दिसत नाही. एकेक डोळा झाकून लाल वस्तू बघा. एका डोळ्याला फिकी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, दुसऱ्या दिवशी नाही.

आणि तक्रार! पोलीस म्हणाले, सेवा घेतलीत, पावती आहे, मग फसवणूक कसली? हा वैद्यकीय विषय आहे, तिकडे जा. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कचेरीत म्हणाले, तो डॉक्टरच नाही, म्हणून आमच्याकडे येत नाही. अहो, डॉक्टर नसताना तो माझं स्टेरॉइड थांबवतो, हीच तर माझी तक्रार आहे! पुन्हा पोलीस. या वेळी ‘फसवणूक झाल्याचं डॉक्टरांचं पत्र आणा’. एक डोळा झाकून, जिना चुकत चुकत मी चार खेपा घातल्या. एका साहेबांनी मान वर न करता विचारलं, “शिकलेल्या आहात ना तुम्ही?” ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर माझ्याच सहीचा फॉर्म मला दाखवला. तळाशी बारीक अक्षरांत होतं, ‘हा वैद्यकीय उपचार नव्हे’. सही करताना मला दोन-दोन ओळी दिसत होत्या. हे कुणी लिहून घेतलं नाही.

फॉर्म घरी आणा, दुसऱ्याकडून वाचून घ्या, मग सही करा. चालू औषध थांबवायला सांगणाऱ्याकडून तसं लिहून मागा. त्यानं दिलं नाही तर उठा. सेलेनियम हे खनिज ज्या अभ्यासात सौम्य आजारात उपयोगी दिसलं, तिथं ६ महिने दिवसाला २०० मायक्रोग्रॅम दिलं होतं. त्यांच्याकडून घेतलेल्या माझ्या ६,२४० रुपयांच्या गोळ्यांच्या डब्यावर प्रमाणच छापलेलं नव्हतं. सिगारेट ओढत असाल तर आधी ती सोडा, त्याला पैसे लागत नाहीत आणि डोळे त्यानंच जास्त बिघडतात.

ग्राहक तक्रारीला क्रमांक मिळाला आहे. सुनावणीची तारीख अजून नाही. न लागलेल्या तारेचा तो नकाशा मी जोडला आहे.