काटापट्टीच्या फाइलीसाठी जावा: फाइलरायटर घ्यावा की फाइलआउटपुटस्ट्रीम?

जिनिंगच्या काट्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव, गाडी नंबर अन् वजन फाइलीत उतरवायचं, तर जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत हे दोघं समोर येतात. फाइलरायटर अक्षरं घेतो, फाइलआउटपुटस्ट्रीम बाइट.

फोटो, सातबाराची पीडीएफ, थर्मल प्रिंटरच्या कमांड यांना फाइलआउटपुटस्ट्रीमच. तेच बाइट अक्षरं समजून रायटरला दिले, की यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत मांडायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट दोन बाइटांचा होतो. फाइल फुगते, फोटो उघडत नाही.

मराठी मजकूर मात्र फाइलआउटपुटस्ट्रीमच्या राइटला एकेक अक्षर करून देऊ नये. तो अक्षराचे खालचे आठच बिट ठेवतो. 'सेलू'चं होतं '८जी२बी', इंग्रजी अंक-अक्षरांत, मोटारीचा नंबर असावा तसं! कंपाइलर गप्प, एररही नाही.

फाइलरायटरची खोड वेगळी. जावा १७ पर्यंत तो संगणकाचं डिफॉल्ट एन्कोडिंग उचलतो, आणि विंडोजवर ते बहुधा विंडोज-१२५२ असतं. त्यात देवनागरी नाही, म्हणून 'हिंगणघाट'च्या जागी आठ प्रश्नचिन्हं पडतात. मूळ नाव त्या फाइलीतून कायमचं गेलं. जावा ११ पासून कन्स्ट्रक्टरमध्ये यूटीएफ-८ सांगता येतं, २०२२ च्या जावा १८ पासून तेच डिफॉल्ट आहे. जावा ८ वर नुसता फाइलरायटर मराठीसाठी बाद.

आमची पसंती जोडणीला: तळाशी फाइलआउटपुटस्ट्रीम, त्यावर अक्षरांचे बाइट करणारा, यूटीएफ-८ सांगितलेला आउटपुटस्ट्रीमरायटर, वर बफर्डरायटर. जावा ८ वरही चालते, आणि लाइन जाणाऱ्या गावात हिचा खरा फायदा कळतो. बफर्डरायटर ८१९२ अक्षरं पोटात धरून ठेवतो. क्लोज न करता प्रोग्राम बंद पडला तर त्या पट्ट्या गेल्याच. फ्लश केलं, म्हणजे पोटातलं पुढं ढकललं, तरी मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंतच पोचतो. म्हणून दर पट्टीनंतर आधी फ्लश, मग तळच्या स्ट्रीमवर गेटएफडी घेऊन सिंक, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरतो. थोडं हळू होतं, पण पुढची गाडी काट्यावर चढेपर्यंत भरपूर वेळ असतो. प्रिंटरायटर इथं नको, तो डिस्क भरल्याची एररही गिळतो.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर सुरुवातीला बीओएम (फाइल यूटीएफ-८ आहे हे सांगणारं न दिसणारं अक्षर) लिहा, नाहीतर मराठीचा चिवडा होतो. रोज त्याच फाइलीत पुढं लिहीत असाल तर ते फक्त फाइल रिकामी असतानाच. नाहीतर दर दिवसाच्या पहिल्या पावती नंबराआधी ते अक्षर चिकटतं आणि शोधताना ती पावती सापडत नाही.