एक गाडी, एक शिकवणारे काका: लायसन्सनंतर एक पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

लायसन्स हातात पडल्या पडल्या लिहायचं मी मुद्दाम टाळलं. तेव्हा आनंदाच्या भरात सगळंच छान वाटतं. आता एक अख्खा पावसाळा, गणपतीतली पुण्यातली गर्दी आणि साताऱ्याच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. काकांनी नेमकं काय शिकवलं, ते आता नीट सांगता येईल.

काका पूर्वी एसटीत चालक होते. आता त्यांचं स्वतःचं छोटं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. परवाना त्यांच्या नावावर, ड्युअल कंट्रोलची (शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असलेली) गाडी एकच आणि शिकवणारे तेच.

त्याआधी मी एका मोठ्या स्कूलमध्ये जात होते. तिथे ट्रेनरचे पाय कायम त्यांच्या बाजूच्या क्लच-ब्रेकवर असायचे. गाडी कधी बंद पडायची नाही, त्यामुळे जमतंय असं वाटायचं. खरं तर अर्धी गाडी तेच चालवत होते. नियमाप्रमाणे कार शिकवताना किमान 21 दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास व्हायला हवेत. तिथे हा हिशेब कुणी कधी दाखवला नाही. काका रोजची वेळ रजिस्टरमध्ये लिहितात आणि आपली सही घेतात.

पहिल्याच दिवशी काकांनी पाय मागे घेतले आणि मला ते बघायला लावले. म्हणाले, "ताई, माझ्याकडचा ब्रेक तुमच्यासाठी नाही, रस्त्यावरच्या माणसासाठी आहे. गाडी बंद पडली तर पडू दे."

वारज्यात एका चढावर गाडी बंद पडली आणि मागे हॉर्न सुरू झाले. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली आणि मला आधी हँडब्रेक ओढायला सांगितला. मग पहिला गियर. क्लच इतका सावकाश सोडायचा की इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं दिसतं, स्टिअरिंगला बारीक थरथर येते. तिथे पाय थांबवायचा, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक खाली. तेवढ्या वेळात ते एकदाही "लवकर" म्हणाले नाहीत. पुढे त्याच चढावर ते मला पुन्हा पुन्हा घेऊन गेले, तेही गर्दीच्या वेळी.

पण माझ्या मते त्यांचं खरं शिकवणं पुढे होतं. हात-पाय बसल्यावर त्यांनी मला बोलत चालवायला लावलं. जे दिसतंय ते मोठ्याने सांगायचं: पुढे रिक्षा थांबलीय, कुणीतरी उजवीकडून उतरेल. पीएमपीची बस स्टॉपवर उभी आहे, तिच्या पुढून माणूस येऊ शकतो. डाव्या आरशात स्कूटी होती, आता दिसत नाही, म्हणजे ती माझ्या शेजारी आहे. या शेवटच्या वाक्यावर त्यांचा फार भर. पुण्यात दुचाकी दोन्ही बाजूंनी पुढे जातात, आरशातून गायब झालेली दुचाकी गेली असं कधीच धरायचं नाही, मान वळवून बघायचंच. सुरुवातीला असं बोलायला अवघड वाटायचं. आज मी मनातल्या मनात बोलते आणि ब्रेकवर पाय आधीच तयार असतो.

एका पहाटे रिकाम्या रस्त्यावर त्यांनी मला 20 च्या वेगाने ब्रेक मारायला लावला, मग 40 च्या. दोन्ही वेळा खाली उतरून, ब्रेक दाबला तिथपासून गाडी थांबली तिथपर्यंत पावलं मोजायला लावली. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासूनचं अंतर साधारण चौपट होतं, हे मी शाळेत वाचलं होतं. स्वतःच्या पावलांनी मोजल्यावर मात्र पुढच्या गाडीच्या मागे चिकटून जाणं माझ्याकडून होतच नाही. पावसात ते अंतर मी आणखी वाढवते, पहिल्या सरींना तर जास्तच, कारण तेव्हा रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडं होतं.

घाटाचं शिक्षण कात्रजच्या जुन्या घाटात झालं. ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचं, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची आणि उतारावर न्यूट्रल कधीच नाही. साताऱ्याहून परतताना नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंत लांबलचक उतार लागतो. तिथे काही अवजड गाड्या डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडतात, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. काकांनी हे तिथेच, गाडी चालू असताना समजावलं. आता त्या उतारावर मी खालचा गियर टाकते आणि आरशात मागच्या ट्रककडे लक्ष ठेवते.

गाडीतून उतरताना दार डाव्या हाताने उघडायची सवयही त्यांचीच. त्याने खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा सायकलवाला दिसतो. माझ्या मुलालाही मी मागच्या सीटवर हेच शिकवलंय, दाराच्या लांबच्या हाताने उघडायचं.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. लर्निंग लायसन्सची चाचणी आधारच्या आधारे घरबसल्या ऑनलाइन दिली. ते 6 महिने चालतं आणि पक्क्यासाठी 30 दिवस थांबावं लागतं. हे अर्ज आपले आपण भरायचे, काका त्या भानगडीत पडत नाहीत.

काही गोष्टी कमी वाटल्या. गाडी जुनी आहे, रिव्हर्स कॅमेरा नाही. आरशांवर पार्किंग पक्कं झालं, पण माझ्या गाडीतला कॅमेरा कसा वापरायचा ते मलाच बघावं लागलं. ऑटोमॅटिक शिकवत नाहीत. रात्रीचं ड्रायव्हिंग नेहमीच्या कोर्समध्ये नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते. समोरून हाय बीम आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची, हे त्यांनी तोंडी सांगितलं होतं. प्रत्यक्ष सराव मी नंतर भावाला शेजारी बसवून केला. फी मोठ्या स्कूलपेक्षा जास्त आहे. एका वेळी गाडीत एकच विद्यार्थी आणि पूर्ण तास मिळतो, त्यामुळे मला ती योग्य वाटली.

घाईने लायसन्स हवं असेल तर इथे जाऊ नका. हात नीट बसल्याशिवाय काका परीक्षेला बसू देत नाहीत, आणि नाव नोंदवल्यावर महिनाभर तरी थांबावं लागतं. माझ्या वहिनीने नाव घातलंय. तिला मी रात्रीच्या सरावाचे तास वेगळे पैसे देऊन आधीच ठरवून घ्यायला सांगितलंय, आणि विचारल्यावर काका त्याला तयार झाले आहेत.