इन्सुलिनोमा: गाठ काढायची की औषधावर राहायचं?

सकाळी उठल्यावर शर्टाची बटणं लागत नाहीत, अंगाला दरदरून घाम, बोलणं असंबद्ध. साखरेचं पाणी पोटात गेलं की थोड्याच वेळात माणूस पूर्ववत! यामागे इन्सुलिनोमा असू शकतो, म्हणजे स्वादुपिंडातली गरज नसतानाही इन्सुलिन स्रवणारी गाठ, जिच्यामुळे रक्तातली साखर घसरते. अशा रुग्णांवर कधीकधी फिट्सचे किंवा मानसिक आजाराचे उपचार वर्षानुवर्षं चालतात, याचं फार वाईट वाटतं. रुग्णालयात, देखरेखीखाली केलेल्या ७२ तासांच्या उपवासात रक्तातली साखर ५५ मिलिग्रॅमच्या खाली जाऊनही इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलिनसोबतच तयार होणारा घटक) दबलेले नसतील आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा अंश रक्तात सापडला नाही, तर संशय स्वादुपिंडातल्या गाठीवर. ती बहुधा २ सेंटिमीटरहूनही लहान, म्हणून एंडोस्कोपिक सोनोग्राफीचा (तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेल्या सोनोग्राफीचा) मोठा आधार.

पुढे दोन वाटा. माझ्या मते शस्त्रक्रियेचं पारडं स्पष्टपणे जड आहे. सुमारे ९० टक्के गाठी कर्करोगाच्या नसतात. एकच गाठ असेल आणि ती पूर्ण निघाली, तर आजारच संपतो. गाठ वरवर असेल तर तेवढीच सोलून काढतात. मुख्य नलिकेला चिकटलेली असेल तर स्वादुपिंडाचा भागही काढावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर पाचकरस झिरपण्याचा धोका असतो आणि तो किरकोळ समजू नये.

दुसरी वाट औषधाची. डायझॉक्साइड हे औषध इन्सुलिन स्रवणं रोखतं, गाठ मात्र जागेवरच. पायांवर सूज येते, अंगावर लव वाढते. तरी शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत, किंवा भूल न झेपणाऱ्या रुग्णासाठी, हेच औषध मोलाचं.