शाब्दिक उदाहरणं घरी कशी शिकवायची: शब्दांची यादी, हीर-चिंचोके की पट्टीचं चित्र?

शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. तिसरीतल्या एका मुलीची आई शाळा सुटल्यावर छत्री मिटून व्हरांड्यात थांबली. "बाई, आडवी-उभी गणितं ही फटाफट करते. हातच्याची वजाबाकीसुद्धा चुकत नाही. पण तेच गणित वाक्यात आलं की माझ्या तोंडाकडे बघते आणि विचारते, आई, बेरीज की वजाबाकी?" शिकवणीत मुलीला शब्दांची यादी पाठ करायला दिली होती, पुण्याची मावशी फोनवर पट्ट्यांची चित्रं काढायला सांगत होती आणि आजीचं म्हणणं, चिंचोके घेऊन बस. ऐकायचं कुणाचं?

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या शाळांमध्ये मी वीसहून जास्त वर्षं शिकवते आहे आणि हे तिन्ही मार्ग मी वर्गात वापरले आहेत. त्यांचा कस बघायचा तर तिघांनाही तीच तीन उदाहरणं घालायला हवीत.

पहिलं: बाळूकडे २४ आंबे आहेत. ते मंगलच्या आंब्यांपेक्षा ७ ने जास्त आहेत. मंगलकडे किती आंबे आहेत?

दुसरं: सिंधुदुर्ग किल्ला बघायला ५० मुलं मालवणच्या जेटीवर आली. एका होडीत १२ मुलं बसतात. सगळ्यांना एकाच वेळी न्यायला किती होड्या लागतील?

तिसरं: काकीने बाजारात १५ नारळ विकले, ९ उरले. सकाळी निघताना तिच्याकडे किती नारळ होते?

शब्दांची यादी

'एकूण', 'मिळून', 'जास्त' दिसलं की बेरीज. 'उरले', 'शिल्लक', 'फरक' दिसलं की वजाबाकी. 'प्रत्येकी' दिसलं की भागाकार. यादी पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, आणि पालकांना ती आवडते कारण उत्तरं लगेच बरोबर यायला लागतात. ती येतात याचं कारण वेगळं आहे. बेरजेच्या धड्याखालची सगळी उदाहरणं बेरजेचीच असतात. तिथे मुलाने वाक्य वाचलं काय आणि न वाचलं काय, उत्तर तेच येतं.

आता आपली उदाहरणं घाला. पहिल्यात 'जास्त' आहे, म्हणून मूल २४ आणि ७ मिळवून ३१ लिहितं. बरोबर उत्तर १७. तिसऱ्यात 'उरले' आहे, म्हणून १५ वजा ९, उत्तर ६. म्हणजे काकीने सकाळी ६ नारळ नेले आणि त्यातले १५ विकले! दुसऱ्यात यादीतला एकही शब्द नाही, तिथे मूल नुसतं बसून राहतं.

'प्रत्येकी'चं तर बघाच. "५ मुलांना प्रत्येकी ३ वह्या दिल्या, किती वह्या लागल्या?" हा गुणाकार. "१५ वह्या ५ मुलांना सारख्या वाटल्या, प्रत्येकी किती?" हा भागाकार. 'एकूण'ही तसाच: "दोघींकडे एकूण ४० शहाळी, एकीकडे १८, दुसरीकडे किती?" आपल्या भाषेत हे शब्द कोणत्याही एका क्रियेला बांधलेले नाहीत.

यादीचं खरं नुकसान मला वेगळं वाटतं. मूल गोष्ट वाचायचं सोडतं आणि आकडे टिपायला लागतं. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात १९७९-८० च्या सुमारास गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिकच्या ९७ मुलांना एक प्रश्न दिला होता: बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांतूनच वय काढून दिलं. मी तोच प्रश्न बोटीची होडी आणि कप्तानाचा तांडेल (होडीवरचा मुख्य खलाशी) करून आमच्या चौथीला घातला. ज्यांच्या वडिलांची स्वतःची होडी आहे अशा मुलांनीही ३६ लिहिलं. समुद्रावर काय असतं, तांडेल कोण असतो, हे त्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण गणिताच्या वहीत ते आणायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ती वही बघून मला फार वाईट वाटलं होतं.

यादीतले शब्द टाकून द्यायचे नाहीत, त्यांचा अर्थ शिकवायचा. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाला 'शिल्लक' हा शब्द परका असतो. "शिल्लक म्हणजे काय?" असं विचारल्यावर एका मुलाने "रवले ते", म्हणजे राहिले ते, असं सांगितलं. एवढं कळलं की त्या शब्दाचं काम झालं.

हीर, चिंचोके, करवंट्या

आजी चुकत नाहीये. पहिली-दुसरीसाठी हाताला धरता येणाऱ्या वस्तूंइतकं चांगलं काहीच नाही. माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यांमधल्या ताठ काड्या, सारख्या लांबीचे तोडून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या की दशक-एकक आपोआप हातात येतं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे की भागाकार न शिकलेली बालवाडीची मुलंही वस्तू मांडून वाटणीची उदाहरणं सोडवतात.

दुसऱ्या उदाहरणाला हाच मार्ग सर्वांत सरस. पन्नास चिंचोके म्हणजे मुलं, करवंट्या म्हणजे होड्या. चार करवंट्या भरतात, दोन चिंचोके जमिनीवर राहतात. मूल स्वतःहूनच विचारतं, "बाई, ह्या दोघांचा काय?" आणि पाचवी करवंटी ओढतं. वहीत भागाकार करणारं मूल "४, बाकी २" लिहून मोकळं होतं आणि ती दोन मुलं जेटीवरच राहतात. ही चूक सगळीकडे होते. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, १,१२८ सैनिक आणि बसमध्ये ३६ जण, तर बस किती? २९ टक्के मुलांनी "३१, बाकी १२" लिहिलं. ३२ हे बरोबर उत्तर जेमतेम २३ टक्क्यांचं आलं.

पहिलं उदाहरणही वस्तूंनी नीट सुटतं, बाळूचे हीर वर आणि मंगलचे त्याखाली जोडी लावून. अडतं ते तिसरं. काकीचे सकाळचे नारळ किती हेच माहीत नाही, मग मुलाने आधी काय मांडायचं? लहान मूल इथे हीर हातात घेऊन थांबतं. शिवाय चौथीत ८५० रुपयांची खरेदी आली की एवढे चिंचोके कुठून आणणार?

पट्टीचं चित्र

मावशी सांगते ती पद्धत सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयाने १९८० च्या दशकात शाळांमध्ये आणली. माहीत असलेली आणि नसलेली संख्या एकेका आडव्या पट्टीने दाखवायची, लांबी अंदाजाने.

तिसरं उदाहरण इथे सहज उलगडतं. एक लांब पट्टी, सकाळचे नारळ. तिचे दोन तुकडे, एकात 'विकले १५', दुसऱ्यात 'उरले ९'. संपूर्ण पट्टीवर प्रश्नचिन्ह. बेरीज की वजाबाकी, हा प्रश्न मुलाला पडतच नाही. पहिल्यात दोन पट्ट्या एकाखाली एक, बाळूची ७ ने पुढे गेलेली. होड्यांच्या उदाहरणात मात्र पट्टी करवंटीइतकी बोलकी नाही, शेवटचा दोनचा तुकडा मूल 'बाकी' म्हणून सोडून देऊ शकतं.

या पद्धतीला वेळ द्यावा लागतो. पहिले दोन-तीन आठवडे मुलं पट्टीऐवजी देठ-पानासकट आंबे काढतात, तेव्हा शेजारी बसायला हवं. शिष्यवृत्तीचे पालक विचारतात, पहिल्या पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, तिथे चित्रं काढत बसायचं का? सवय झालेलं मूल दोन रेघांत काम उरकतं, पुढे पुढे कागदावर काढतही नाही. माझ्या वर्गातल्या मुलांचं असंच झालं.

तिन्हींच्या आधी

मूल वाक्यच उलटं समजलं असेल तर पट्टीही उलटीच निघते. 'मंगल' आणि 'जास्त' एवढंच कानावर पडलेलं मूल मंगलची पट्टी लांब काढतं. म्हणून मी आधी आकडे बोटाने झाकते. बाळूकडे काही आंबे, मंगलपेक्षा थोडे जास्त. "जास्ती कोणाकडे आसत?" "बाळूकडे." "मग मंगलकडे?" "कमी!" अजून एकही आकडा वाचलेला नसतो. गोष्ट मुलाने घरच्या बोलीत सांगायची, प्रमाण मराठीचा आग्रह त्या पाच मिनिटांपुरता बाजूला ठेवायचा.

आणखी एक गोष्ट कुठलीही पद्धत निवडण्याआधी करून बघा. उदाहरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. मग मुलाला ते सुटलं, तर अडचण वाचनाची आहे, गणिताची नाही. अशा मुलाला रोज दहा मिनिटं गोष्टीचं पुस्तक वाचायला बसवा. वाचून दाखवूनही सुटलं नाही, पण आकडे झाकून गोष्ट सांगता आली, तर पट्टी. गोष्टच सांगता येत नसेल तर इयत्ता कुठलीही असो, हीर आणि करवंट्या.

त्या आईला मी सांगितलं ते असं: यादी बंद करा. मुलीची आकडेमोड पक्की आहे, तिला प्रत्येक गणिताला चिंचोके नकोत, फक्त वाटणीच्या उदाहरणांना काढा. बाकीच्यांना मावशीची पट्टी, रोज दोनच उदाहरणं, त्यातलं एक धड्याबाहेरचं. आणि रविवारी एक उदाहरण तिने स्वतः रचायचं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिने वही दाखवली. एक लांब पट्टी, तिचे दोन तुकडे. खाली लिहिलं होतं: "१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बाबांची होडी ६१ दिवस वर ओढलेली. ३४ दिवस झाले. किती रवले?" उत्तर २७ बरोबर होतं. 'रवले' मी तसंच राहू दिलं.