शेवटचे पाच मिलिग्रॅम: स्टिरॉइड उतरवताना लागणाऱ्या वस्तूंचं परीक्षण

प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी. तिचा डोस रोज ४० मिलिग्रॅमवरून २० वर आणायला वेगळं सामान लागत नाही. डॉक्टर चिठ्ठी बदलतात, मेडिकलवाला पट्टी बदलतो, झालं. कसरत सुरू होते १० च्या खाली, आणि ५ च्या खाली तर गोळीच हातात मावत नाही. ४० वरून ३७.५ म्हणजे सहा टक्क्यांची घट. ५ वरून २.५ म्हणजे थेट निम्मं. कागदावर दोन्ही ठिकाणी अडीचच कमी झालेले दिसतात, शरीराला मात्र तसं वाटत नाही. शरीराची स्टिरॉइडची रोजची गरज साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढी असते. त्याच्या वर असेपर्यंत सगळा भार गोळी वाहते. खाली उतरलं की उरलेलं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड) अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी बनवायचं असतं, आणि त्या महिनोन्‌महिने बसून असतात.

म्हणून हे परीक्षण त्या शेवटच्या पायऱ्यांपुरतंच. डोस किती आणि कधी कमी करायचा हे डॉक्टरच ठरवणार. इथे फक्त ठरलेला डोस रोज नेमका पोटात कसा जाईल, आणि गाडी मागे आली, म्हणजे त्रास पुन्हा वाढला, तर काय हाताशी असावं, एवढंच.

गोळी कापायचा कटर आधी घेऊ, कारण काउंटरवर पहिला सल्ला तोच मिळतो. नागपुरात मेडिकल चौकात विचारा की धंतोलीत, अडीचची पट्टी नसली की उत्तर ठरलेलं: "भाऊ, पाचची अर्धी करून घ्या ना." कटर शंभर-दोनशे रुपयांत येतो. प्लॅस्टिकची डबी, आत इंग्रजी व्ही आकाराची खाच, झाकणात स्टीलचं पातं. घेताना दोन गोष्टी बघायच्या. झाकण डुगडुगत असेल तर पातं तिरपं उतरतं. आणि खाचेचा कोन फार रुंद असेल तर पाचची छोटी गोळी आत घसरते. गोळीवरची रेघ पात्याच्या बरोबर खाली आणून झाकण एका दमात दाबायचं. भीत भीत हळू दाबलं की गोळी तुटत नाही, चेंगरते. तळाशी पांढरी भुकटी साचायला लागली की समजा पातं बोथट झालं. ती भुकटी म्हणजे तुमचा डोसच.

दोन अर्ध्या कधीच तंतोतंत सारख्या होत नाहीत. त्यावर उपाय साधा: एकाच गोळीचे दोन तुकडे लागोपाठच्या दोन दिवशी घ्यायचे, म्हणजे दोन दिवसांची बेरीज बरोबर राहते. पूर्ण पट्टी एकदम कापून ठेवायची नाही. चतकोर करायच्या भानगडीत तर पडूच नका, चार तुकड्यांपैकी एक हमखास चुरा होतो. पाण्यात विखुरणाऱ्या गोळ्या मुळातच ठिसूळ, त्यांचे तुकडे आणखी वाईट पडतात. कुणी सांगतं, गोळी पाण्यात टाकून अर्धं पाणी प्या. ती गोळी पाण्यात विखुरते, पूर्ण विरघळत नाही. कण तळाशी बसतात आणि अर्ध्या पाण्यात अर्धं औषध येत नाही. एकंदरीत कटर ५ ची २.५ करण्यापुरता बरा, तोही अडीचची गोळी मिळेपर्यंतच. गंजीपेठेतला दवा बाजार घाऊक व्यापाराचा आहे. आपल्या ओळखीच्या मेडिकलवाल्याला आठवडाभर आधी सांगितलं तर तो अडीचची मागवून देतो. पट्टी संपायच्या दिवशी गेलात तर जे असेल ते गळ्यात पडतं.

त्याच काउंटरवर आणखी एक गोष्ट होते, ती जास्त धोक्याची. "हे संपलंय, हे घ्या, तेच आहे." तेच नसतं, दुसरं स्टिरॉइड असतं. मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन ५. डेफ्लाझाकॉर्ट ६ म्हणजेही साधारण ५. बीटामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी प्रेडनिसोलोन ४ च्या आसपास जाते. आकडा लहान दिसला म्हणजे डोस लहान, असं नाही. उतरणीवर असताना औषधाचं नाव बदललं तर डॉक्टरला फोन केल्याशिवाय पट्टी फोडू नका.

आता या परीक्षणातली सगळ्यात कामाची वस्तू: सिरप आणि बिनसुईची सिरिंज. मुलांसाठी मिळणाऱ्या प्रेडनिसोलोन सिरपमध्ये ५ मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असतात, म्हणजे १ मिलिलिटर बरोबर १ मिलिग्रॅम. ४.५ घ्यायचं असेल तर साडेचार मिलिलिटर ओढा, काम झालं. ना कटर, ना भुकटी. ५ च्या खाली अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमने उतरता येतं ते यामुळेच. पण सापळाही इथेच आहे. तसल्याच बाटलीत ५ मिलिलिटरला १५ मिलिग्रॅमचं सिरपही मिळतं. चुकून ते आलं तर तिप्पट डोस जातो, आणि त्या दिवसांत "किती हलकं वाटतंय" म्हणून कुणाला संशयही येत नाही. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या, बाटली प्रत्येक वेळी वाचून घ्या. झाकणावरच्या रेघांवर विसंबू नका. ५ मिलिलिटरची सिरिंज घेऊन सुई तिथेच काढून टाका. ६० मिलिलिटरची बाटली रोज ४ प्रमाणे १५ दिवस जाते. साखर असू शकते, म्हणून शुगरवाल्यांनी लेबल बघून घ्यावं. चव कडवट, नाश्त्यानंतर घ्यायचंच आहे, पोह्यांचा शेवटचा घास मागे ठेवा. तर्री मात्र त्या दिवसांत जरा लांबच बरी, पोटाच्या आतल्या आवरणावर आधीच ताण असतो.

गोळीवरून सिरपवर येताना एक शिस्त पाळा: पहिला आठवडा डोस तोच ठेवा, फक्त रूप बदला. दोन्ही एकदम बदललं आणि अंग दुखलं तर दोष कुणाचा ते कळत नाही.

आठवड्याची सात खान्यांची डबी स्वस्त आणि कामाची. "५ वरून अडीच" एका झटक्यात न करता पहिल्या आठवड्यात एकच दिवस कमी डोस, दुसऱ्यात दोन, असं सात आठवड्यांत पूर्ण उतरायचं ठरलं असेल तर डबीशिवाय गोंधळ होणारच. रविवारी रात्री भरा, कमी डोसाचे दिवस एकमेकांना चिकटू देऊ नका. तिची एकच खोड, आणि ती नागपूरची खास: मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, घरात कूलर, आणि डबी नेमकी कूलरसमोरच्या फळीवर. त्या ओल्या वाऱ्यात उघडी, कापलेली गोळी दोन दिवसांत मऊ पडते. पाण्यात विखुरणारी तर आधी. कूलरच्या खोलीत डबी नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. उन्हाळ्यात तीनच दिवसांचं भरा, बाकी पट्टीतच राहू द्या.

मोबाईलवरच्या औषध-आठवणीच्या सुविधांपेक्षा शंभर पानी वही सरस. रकाने पाच: तारीख, डोस, सकाळी आखडलेपण किती मिनिटं, बसून व उभं राहून बीपी, शेरा. उतरण मागे सरकते तेव्हा ही वहीच सांगते की नक्की काय बिघडलं. डोस कमी केल्यावर काही दिवसांतच अख्खं अंग ठणकणं, थकवा, उदास वाटणं, आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप ओसरणं, हा बहुधा स्टिरॉइड सुटण्याचा त्रास. तेच जुनं दुखणं जुन्याच जागी, तोच खांदा, तीच दम लागण्याची वेळ, आणि दर आठवड्याला चढत जाणं, हा मूळ आजार उसळल्याचा नमुना. तिथे डॉक्टर ईएसआर-सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघायला सांगतात. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, उभ्याने बीपी घसरणं, हे कॉर्टिसॉल अपुरं पडल्याचं लक्षण. तिन्हींवर उपाय वेगवेगळे. आजार उसळला तरी पुन्हा ४० वर जायची गरज बहुतेक वेळा नसते. ज्या डोसावर शेवटचं ठीक होतं तिथे परत जातात, महिनाभर थांबतात, आणि पुढची पायरी निम्मी करतात. ५ ते ४ जमलं नसेल तर ५ ते ४.५.

शुगर आणि बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वहीत आणखी एक रकाना घालावा. स्टिरॉइडने चढलेली शुगर स्टिरॉइडबरोबर उतरते. इन्सुलिन मात्र जुनंच राहिलं तर दुपारी घाम फुटून शुगर खाली जाते. टीबीची रिफाम्पिसिन सुरू झाली तर तोच डोस कमी पडू लागतो, बुरशीवरचं इट्राकोनाझोल सुरू झालं तर स्टिरॉइडचा असर वाढतो. गुडघ्यातलं इंजेक्शन, दम्याचा पंप, "जडीबुटीची" पुडी, हेसुद्धा डॉक्टरला सांगायचं. त्या पुडीत कधी कधी स्टिरॉइडच निघतं.

सेवांपैकी एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय: घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबवाल्यांची सकाळची कॉर्टिसॉल तपासणी. माणूस वेळेवर येतो, सुई नीट टोचतो, तक्रार नाही. पण फोनवर "रिकाम्या पोटी राहा" एवढंच सांगतात, गोळीचं कुणी विचारत नाही. प्रेडनिसोलोन या तपासणीत कॉर्टिसॉलसारखंच मोजलं जाऊ शकतं, म्हणून शेवटच्या डोसाला किमान २४ तास झालेले असावेत: रक्त ८ ते ९ च्या दरम्यान, आणि त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यावरच. रिपोर्टखाली छापलेल्या "नॉर्मल" पट्ट्याकडे बघून निर्णय घेऊ नका. १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर डॉक्टर बहुधा थांबवायला परवानगी देतात, ५ ते १० मध्ये तोच डोस ठेवून पुन्हा तपासतात, ५ च्या खाली असेल तर तोच डोस काही महिने चालू ठेवतात. ७ हा आकडा छापील पट्ट्यात बसतो आणि घरचे पेढे आणतात. त्या दिवशी गोळी बंद केली की घोटाळा होतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा वर दिसतो, तेही आधी सांगा.

उन्हाळा आणि डेंग्यूचा मोसम यांत तापाचा नियम चिठ्ठीवर आधीच लिहून घ्या: ताप आला तर डोस किती वाढवायचा आणि किती दिवस. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर घरी वाट बघायची नाही. ऊन लागल्यासारखं दिसणारं, ग्लानी, उलटी, घसरलेलं बीपी, हे या माणसांमध्ये ऊन नसूही शकतं, कॉर्टिसॉल अपुरं पडलेलं असू शकतं, आणि तिथे हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं. ब्रिटनमध्ये यासाठी २०२० पासून छापील कार्ड देतात. आपण पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठळक अक्षरांत लिहावं: औषधाचं नाव, आजचा डोस, कधीपासून चालू, "अचानक बंद करू नये", आणि इंजेक्शनचं नाव. कागद मोबाईलच्या कव्हरमागे, अक्षरं बाहेरून दिसतील अशी. आणि डोस पेन्सिलीने, कारण तो दर काही आठवड्यांनी खोडायचा आहे.