अण्णांच्या पेन्शनची 'फाइल' आणि आमचे ४६ हजार

अण्णा ९ जुलै २०२३ ला गेले. पाटबंधारे खात्यातून २०१४ साली कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्याच दिवशी चौकात मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली हुद्दा, खातं, निवृत्तीचं साल, दहाव्याचा दिवस आणि 'शोकाकुल' म्हणून आम्हा दोघा भावांची नावं. फसवायला निघालेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं? तेव्हा मात्र फ्लेक्स बघून बरंच वाटलं होतं.

बाराव्या दिवशी एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची फाइल. "कोषागारातली कामं बघतो, अण्णांशी जुनी ओळख." (कोषागार म्हणजे पेन्शन देणारं सरकारी कार्यालय, ट्रेझरी.) सुतकाचं घर म्हणून पाणीसुद्धा घेतलं नाही. आईला तेवढ्यावरच तो भला माणूस वाटला. (मलाही वाटला. उगाच आईवर कशाला ढकलू?)

"वहिनी, फॅमिली पेन्शनची फाइल मंजुरीसाठी मुंबईला महालेखापालांकडे जाते. तुम्ही गेलात तर वर्ष जाईल. मी दोन महिन्यांत आणतो." अण्णांचा पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशाची पुस्तिका, मूळच मागितली. मृत्यूचा दाखला, आईचं आधार, पॅन आणि ६ हजार. ते मी मोबाइलवरून पाठवले. जाताना म्हणाला, "मधे कुणी चौकशीला जाऊ नका, फाइल अडकते." सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महागडं वाक्य हे.

कारण आम्ही गेलो नाही, म्हणून अण्णा वारल्याचं कोषागाराला कळलंच नाही, आणि त्यांच्या खात्यात दर महिन्याला पूर्ण पेन्शन, सुमारे २६ हजार, येत राहिली. त्याला विचारलं तर म्हणे, "मीच चालू ठेवलीय, काढा बिनधास्त." आम्ही अण्णांचं एटीएम कार्ड वापरून काढत राहिलो. दिवसकार्याची उधारी होती, धाकट्याच्या मुलीची फी होती. गणपतीच्या आधी 'मुंबईच्या साहेबांसाठी' म्हणून १५ हजार रोख घेऊन गेला.

ऑक्टोबरमध्ये सूर बदलला. "मेलेल्या माणसाची पेन्शन काढलीत, पोलीस केस होते." वर दुसरं संकट सांगितलं. अण्णांनी निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकला होता, म्हणजे त्याचे पैसे एकरकमी आगाऊ घेतले होते, त्याचे महिन्याला ३,२०० कापले जायचे. ही कपात १५ वर्षं चालते. अण्णा नऊ वर्षांतच गेले. "राहिलेल्या सहा वर्षांचे २ लाख ३० हजार सरकार वहिनींकडून वसूल करणार." कागदावर गुणाकार करून दाखवला, आणि गुणाकार बरोबर होता! आई रात्रभर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाटली मोडली आणि मी २५ हजार त्याच्या हातात ठेवले, 'मिटवायला'.

नोव्हेंबर उजाडला. बँकेत हयातीच्या यादीवर सह्या करायला पेन्शनरांची रांग लागते. शेजारचे नाना तिथं गेले, तर यादीत अण्णांचं नाव जसंच्या तसं. संध्याकाळी नाना घरी आले ते ओरडतच. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन जिल्ह्याच्या कोषागारात गेलो. पोटात गोळा आला होता, कारण माझ्या हिशेबी मी गुन्हेगार होतो.

टेबलावरच्या बाईंनी कोषागाराकडची पीपीओची प्रत काढली आणि आईसमोर धरली. तिचं नाव, पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाचा आकडा. "ताई, हे २०१४ सालीच मंजूर झालंय. मुंबईला काय पाठवायचं?" नवऱ्याच्या पीपीओत बायकोचं नाव असेल तर लागतो तो साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखीचे कागद, पासबुक आणि फोटो. शिवाय पुनर्विवाह केला नसल्याचा दाखला. त्यावर सही करताना आई, वय ६२, चार महिन्यांत पहिल्यांदा हसली.

विकलेल्या पेन्शनचं विचारलं. पेन्शनर गेला की ती कपात तिथंच संपते, वारसांकडून एक पैसा वसूल होत नाही, आणि बायकोचं निवृत्तिवेतन त्या कपातीशिवाय पूर्ण मिळतं. म्हणजे तो २ लाख ३० हजारांचा बागुलबुवा निव्वळ हवेतला.

राहिली जास्तीची रक्कम. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत पेन्शनरची, दुसऱ्या दिवसापासून बायकोची. आईचं मूळ निवृत्तिवेतन अण्णांच्या शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, अधिक महागाई. महिन्याला साडेसतरा हजारांच्या आसपास. म्हणजे आम्ही दरमहा साधारण साडेआठ हजार जादा उचलले होते. तो फरक तिच्या पुढच्या पेन्शनमधून हप्त्यांनी कापून घेतला. बाई म्हणाल्या, "कळवायला उशीर झाला की असं होतंच, वळतं करून घेतो." दुसऱ्याच्या कार्डावर पैसे काढले हे मात्र चुकलंच. बँकेलाही लगेच कळवायला हवं होतं.

त्या गृहस्थाला फोन केला तर पीपीओ परत द्यायचे म्हणून आणखी १० हजार मागितले. दिले नाहीत. मग नंबर बंद. पोलिसांत तक्रार दिली, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंदवली, तोवर चार महिने उलटलेले. ४६ हजारांपैकी पुरावा फक्त मोबाइलवरच्या ६ हजारांचा, तोही भलत्याच बाईच्या नावावर गेलेला. तपास चालू आहे असं सांगतात. पीपीओच्या दुय्यम प्रतीसाठी वेगळे हेलपाटे झाले, ते सांगत नाही.

मूळ पुस्तिकेवर दोघांचा जोडफोटो होता. पेन्शनच्या कागदांसाठी म्हणून २०१४ साली स्टुडिओत काढलेला. अण्णांनी त्या दिवशी टोपी काढून केस विंचरले होते. घरात त्याची दुसरी प्रत नाही. आई पैशांचं नाव काढत नाही आता. पोलिसांकडून फोन आला की एवढंच विचारते, फोटो सापडला का म्हणून.